परदेशप्रवासात पैसे कसे न्यावेत: रोख, कार्ड आणि हाताशी ठेवायची दुसरी वाट

परदेशप्रवासाची तयारी करताना तिकिटे, व्हिसा, विमा आणि गरम कपडे यांची चर्चा महिनाभर चालते. पैसे कसे न्यायचे हा प्रश्न मात्र बहुतेक घरांत निघण्याच्या आठवड्यात येतो, आणि तोही ‘डॉलर किती घ्यायचे?’ एवढ्याच रूपात. त्याआधी दोन प्रश्न विचारावेत असे मला वाटते. रुपयाचे परक्या चलनात रूपांतर नेमके कोठे होणार आणि तेथे दर कोण ठरवणार, हा पहिला. हाती असलेले साधन ऐन वेळी चालले नाही, तर त्याच्याशी काहीही संबंध नसलेले दुसरे साधन आपल्याकडे आहे का, हा दुसरा. पहिल्याच्या उत्तरावर सहलीचा खर्च ठरतो आणि दुसऱ्याच्या उत्तरावर अडचणीच्या वेळी आपले काय होणार ते ठरते. दोहोंत निवड करावी लागली तर दुसऱ्याला झुकते माप द्यावे. दोन-तीन टक्के वाचवण्याच्या नादात सारे पैसे एकाच कार्डावर ठेवणे आणि ते कार्ड परक्या शहरात रात्री अकरा वाजता बंद पडणे, यापेक्षा ते दोन-तीन टक्के गेलेले परवडतात.

नियमांची चौकट

भारतीय रहिवाशाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंतची रक्कम परदेशी नेता किंवा पाठवता येते. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेची ही मर्यादा सहलीच्या खर्चाला सहसा आड येत नाही. प्रत्यक्षात लक्षात ठेवावी लागते ती नोटांची मर्यादा. एका प्रवासासाठी परकीय चलनी नोटा साधारणपणे ३,००० डॉलर किंवा तितक्या किमतीच्याच घेता येतात आणि उरलेली रक्कम कार्डावर किंवा अन्य मार्गाने न्यावी लागते. इराण, रशिया यांसारख्या काही देशांसाठी आणि हज यात्रेसाठी वेगळ्या तरतुदी आहेत. चलन विकत घेताना ५०,००० रुपयांच्या आतील रक्कम रोखीने देता येते, त्यापुढे बँकेमार्फतच पैसे द्यावे लागतात. पारपत्र, पॅन कार्ड, तिकीट आणि लागू असल्यास व्हिसा बरोबर ठेवावा.

चलन फक्त बँक किंवा रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या मनी चेंजरकडूनच घ्यावे आणि पावती जपून ठेवावी. ‘माझ्या ओळखीचा एक जण चांगल्या भावात डॉलर देतो’ हा सल्ला कितीही आपुलकीने मिळालेला असला तरी स्वीकारू नये. तो व्यवहार बेकायदेशीर असतो, आणि नोट खोटी निघाली तर दाद मागायला जागा उरत नाही.

वर्षभरात या योजनेखाली पाठवलेली एकूण रक्कम दहा लाख रुपयांच्या पुढे गेली, तर सहलीसाठीच्या वरच्या रकमेवर २० टक्के कर मुळाशीच, म्हणजे पैसे देतानाच, वसूल केला जातो. ही दहा लाखांची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून लागू आहे. हा कर पॅनवर जमा होतो आणि प्राप्तिकराचे विवरणपत्र भरताना त्याची वजावट किंवा परतावा मिळतो. तो कायमचा खर्च नसला, तरी काही महिने पैसे अडकतात, म्हणून मोठ्या कुटुंबाने कोणाच्या पॅनवर किती रक्कम घ्यायची याचा विचार आधीच करावा.

रोख किती आणि कोणत्या नोटांत

रोख पैशाला सिग्नल, पिन किंवा वीज लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. हरवले तर परत मिळत नाहीत, हा मोठा दोष. म्हणून रोख किती न्यायची हे आपल्या सवयीवर न सोडता त्या देशाच्या रीतीवर ठरवावे. जपानमध्ये मोठी दुकाने कार्ड घेतात, पण लहान खानावळी, देवळे आणि गावाकडच्या बस येथे अजूनही येनच्या नोटा आणि नाणी लागतात. जर्मनीत कार्डाचे यंत्र समोर दिसत असूनही काही लहान दुकानांत केवळ तेथील बँकांचे स्थानिक कार्डच चालते, आणि आपले कार्ड नाकारले जाते. याच्या उलट स्वीडनमध्ये अनेक ठिकाणी रोख घेतच नाहीत, आणि लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोखीने तिकीट मिळत नाही. युरोपच्या गट सहलीत मुक्काम, प्रवास आणि बरेचसे जेवण आधीच भरलेले असते. तरीही सार्वजनिक स्वच्छतागृहांसाठी अर्ध्या आणि एक युरोची नाणी लागतात, आणि ती पहिल्याच दिवशी पाण्याची बाटली घेऊन मोडून ठेवलेली बरी. स्वित्झर्लंडमध्ये पर्यटकांकडून युरो घेतले जातात खरे, परंतु सुट्टे फ्रँकमध्ये मिळतात आणि दर दुकानदार ठरवतो, त्यामुळे तेथे कार्ड वापरणे श्रेयस्कर.

चलन कोणते घ्यावे याचेही साधे गणित आहे. युरो, पौंड, दिरहॅम, सिंगापूर डॉलर आणि थाई बाट भारतातील मोठ्या शहरांत सहज मिळतात, म्हणून ते येथूनच घ्यावेत. व्हिएतनामी डोंग किंवा इंडोनेशियाचा रुपिया येथे मिळाला तरी दर वाईट असतो. त्या देशांसाठी अमेरिकी डॉलर नेऊन तेथे पोहोचल्यावर बदलणे सहसा फायद्याचे ठरते. आग्नेय आशियातील अनेक मनी चेंजर शंभराच्या नोटेला वीस किंवा दहाच्या नोटेपेक्षा चांगला दर देतात, आणि दुमडलेली, शिक्का किंवा शाईचा डाग असलेली नोट परत करतात. म्हणून तेथे जाताना शंभराच्या कोऱ्या नोटा मागून घ्याव्यात आणि पुस्तकात किंवा कडक पाकिटात सपाट ठेवाव्यात. अमेरिकेत मात्र नेमके उलटे आहे: तेथे लहान दुकानांत शंभराची नोट घ्यायला कुरकुर होते, त्यामुळे वीस, दहा आणि पाचच्या नोटा न्याव्यात.

व्हिएतनामला जाणाऱ्यांनी पहिल्या दिवशी खोलीत बसून नोटा पलंगावर पसराव्यात आणि त्यांची ओळख करून घ्यावी. तेथील वीस हजार आणि पाच लाख डोंगच्या दोन्ही नोटा निळ्या आहेत. सायंकाळच्या अपुऱ्या उजेडात, टॅक्सीच्या मागच्या आसनावर घाईघाईने पैसे काढताना एकीऐवजी दुसरी दिली, तर पंचवीसपट रक्कम हातची जाते. पाच लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवणे हा यावरचा सर्वांत सोपा उपाय.

मनी चेंजरकडे दर विचारताना ‘आज डॉलर काय भावाने?’ असे विचारून थांबू नये. ‘एक हजार डॉलर हातात पडण्यासाठी सगळे धरून मला एकूण किती रुपये द्यावे लागतील?’ असे विचारावे, कारण काही जण दर आकर्षक सांगून सेवाशुल्क वेगळे लावतात. त्या रकमेला हजाराने भागले की खरा दर कळतो. तोच प्रश्न दोन-तीन ठिकाणी विचारला की फरक डोळ्यांसमोर येतो. चलन बदलण्यावरचा वस्तू व सेवा कर मात्र लहान आहे: एक लाख रुपयांच्या व्यवहारावर तो १८० रुपये येतो. खरा भुर्दंड बसतो तो दरातील तफावतीतून, आणि ती विमानतळावरील खिडकीवर सर्वाधिक असते. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावरही आगमन कक्षातील खिडक्यांपेक्षा तळघरात, शहराकडे जाणाऱ्या रेल्वेच्या स्थानकाशेजारी असलेल्या मनी चेंजरांचे दर चांगले असतात. पाच मिनिटांच्या चालण्याने पुरेसा फरक पडतो.

कार्डे: तीन प्रकार, तीन कामे

फॉरेक्स कार्डात आपण निघण्यापूर्वी परकीय चलन भरून ठेवतो, त्यामुळे दर त्या दिवशीच ठरतो आणि नंतर रुपया घसरला तरी सहलीचा हिशेब बिघडत नाही. ते बचत खात्याशी जोडलेले नसते, म्हणून चोरीला गेले तरी नुकसान कार्डातील शिलकीपुरतेच राहते. माझ्या मते हा त्याचा सर्वांत मोठा गुण आहे. मात्र कार्डात जे चलन भरले आहे त्याच चलनात खर्च झाला, तरच ते स्वस्त पडते. डॉलर भरलेले कार्ड युरोत वापरले, तर बँक वेगळे रूपांतर शुल्क लावते आणि सारा फायदा जातो. म्हणून एकाच कार्डात अनेक चलने ठेवता येत असतील, तर प्रत्येक देशाच्या वाट्याची रक्कम त्या त्या चलनातच भरावी. ही कार्डे नेपाळ आणि भूतानमध्ये चालत नाहीत.

क्रेडिट कार्डावर बहुतेक बँका परकीय व्यवहारासाठी २ ते ३.५ टक्के अधिभार आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लावतात. साडेतीन टक्क्यांचे कार्ड असेल, तर प्रत्यक्ष बोजा ४.१३ टक्के होतो. म्हणजे लाख रुपयांच्या खरेदीमागे ४,१३० रुपये. अधिभार न लावणारी कार्डेही मिळतात, आणि वर्षातून एकदा तरी परदेशी जाणाऱ्याने असे एखादे घेऊन ठेवणे शहाणपणाचे आहे. परदेशात प्रत्यक्ष वापरलेल्या क्रेडिट कार्डाचा खर्च सध्या वर सांगितलेल्या वार्षिक मर्यादेत मोजला जात नाही. या कार्डाची खरी गरज लागते ती हॉटेल आणि भाड्याची मोटार घेताना. हॉटेलवाले अनामत म्हणून काही रक्कम अडवून ठेवतात. क्रेडिट कार्डावर त्यामुळे फक्त पतमर्यादा तात्पुरती कमी होते, पण फॉरेक्स किंवा डेबिट कार्डावर आपलेच पैसे अडकतात आणि हॉटेल सोडल्यावरही ते मोकळे व्हायला कित्येक दिवस लागू शकतात. तेव्हा अनामतीसाठी क्रेडिट कार्डच पुढे करावे, आणि मोटार घेताना ते चालवणाऱ्याच्याच नावाचे असावे.

क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख मात्र काढू नये. पैसे काढण्याचे शुल्क लागते, परकीय व्यवहाराचा अधिभार लागतो, आणि व्याजही नेहमीच्या सवलतीच्या मुदतीशिवाय त्याच दिवसापासून सुरू होते.

डेबिट कार्ड हे अडीनडीचे साधन समजावे. ते थेट बचत खात्याचे दार उघडते. परदेशातील अनेक संकेतस्थळांवर आणि दुकानांत आपल्याकडे येतो तसा एकवेळचा सांकेतिक क्रमांक (ओटीपी) मागितला जात नाही, आणि कार्डाचा क्रमांक चोरीला गेला तर खाते रिकामे होऊ शकते. म्हणून ज्या खात्यात आयुष्यभराची पुंजी आहे त्याचे डेबिट कार्ड बाहेर नेऊच नये. वेगळे लहान खाते उघडून त्यात गरजेपुरती रक्कम ठेवावी आणि त्याचे कार्ड बरोबर घ्यावे.

रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये लागू केलेल्या नियमांनंतर नवी कार्डे केवळ देशांतर्गत वापरासाठी सुरू करून दिली जातात. परदेशी वापर आपल्याला बँकेच्या ॲपमधून चालू करावा लागतो. एटीएम, दुकानातील यंत्र, ऑनलाइन खरेदी आणि कार्ड यंत्राला नुसते टेकवून होणारे व्यवहार यांची बटणे वेगवेगळी असतात. कार्ड चालले नाही म्हणून हॉटेलच्या स्वागतकक्षात उभ्या राहिलेल्या प्रवाशाच्या बाबतीत बहुधा यांपैकी एखादे बटण बंद असते. ही बटणे आणि मर्यादा घरीच तपासाव्यात, पिन आठवतो का ते जवळच्या एटीएमवर पाहावे, आणि कार्डाची मुदत परतीच्या तारखेनंतरही शिल्लक असल्याची खात्री करावी.

यंत्र रुपयांत दर दाखवते तेव्हा

सहलीत सर्वाधिक पैसे नकळत जातात ते या एका जागी, म्हणून याविषयी सविस्तर लिहितो. बँकॉकच्या मॉलमध्ये किंवा पॅरिसच्या दुकानात कार्ड यंत्रात घातले की पडद्यावर दोन रकमा येतात: एक तेथील चलनात आणि दुसरी चक्क रुपयांत. रुपयांतील आकडा ओळखीचा वाटतो, नेमका किती खर्च होतो ते तेव्हाच कळते, आणि विक्रेताही बरेचदा तोच पर्याय सुचवतो. पण तेथे रूपांतराचा दर आपली बँक ठरवत नाही, तो दुकानाच्या यंत्रामागची सेवा कंपनी ठरवते, आणि त्यात तिचा नफा मिसळलेला असतो. शिवाय भारतातील अनेक बँका परदेशात रुपयांत झालेल्या व्यवहारावरही वेगळे शुल्क लावतात, म्हणजे भुर्दंड दोनदा बसतो. तेव्हा कोणत्याही देशात, कोणत्याही यंत्रावर, नेहमी स्थानिक चलनच निवडावे: थायलंडमध्ये बाट, फ्रान्समध्ये युरो. विक्रेत्याने आपल्याला न विचारता रुपये निवडले असतील, तर पावतीवर सही करण्यापूर्वी व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगावे. तो आपला हक्क आहे आणि त्यात संकोचण्यासारखे काही नाही.

एटीएमवर हाच प्रश्न अधिक फसवा होतो. पैसे बाहेर येण्याच्या आधी पडदा रुपयांतील दर दाखवतो आणि ‘रूपांतर स्वीकारा’ व ‘रूपांतर नाकारा’ असे दोन पर्याय देतो. ‘नाकारा’ दाबले तर पैसेच मिळणार नाहीत अशी भीती वाटते, विशेषतः मागे रांग असेल तेव्हा. ती भीती निराधार आहे. नाकारल्यावरही व्यवहार पुढे चालू राहतो, नोटा बाहेर येतात, आणि रूपांतर आपल्या बँकेच्या दराने होते. आईवडील मुलांकडे पहिल्यांदा एकटे जात असतील, तर या पडद्याचे छायाचित्र त्यांना आधीच दाखवून ठेवावे.

एटीएम निवडतानाही नजर हवी. बँकेच्या इमारतीतील यंत्र वापरावे. पर्यटकांच्या गल्लीत दुकानाच्या भिंतीत बसवलेल्या स्वतंत्र कंपन्यांच्या यंत्रांचे शुल्क आणि दर दोन्ही चढे असतात. जपानमध्ये सेव्हन-इलेव्हन दुकानांतील आणि टपाल कार्यालयांतील यंत्रे परदेशी कार्डे घेतात. थायलंडमध्ये परदेशी कार्डाला दर वेळी २२० बाट किंवा त्याहून अधिक शुल्क पडते. दोन हजार बाट काढले, तर हे शुल्क अकरा टक्के होते. वीस हजार काढले, तर जेमतेम एक टक्का. म्हणून तेथे वारंवार थोडे थोडे काढण्यापेक्षा गरजेचा अंदाज घेऊन एकदाच काढावे आणि रक्कम विभागून ठेवावी.

यूपीआयवर किती विसंबावे

भूतान, नेपाळ, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती, श्रीलंका, मॉरिशस आणि फ्रान्स येथे काही प्रमाणात यूपीआयने पैसे देता येतात. भूतानमध्ये ही सोय २०२१ मध्ये सुरू झाली, तर श्रीलंका आणि मॉरिशसमध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये. फ्रान्समध्ये आयफेल टॉवरच्या तिकिटासाठी ते चालते म्हणून प्रत्येक बेकरीत चालेल असे मात्र नाही. ॲपमध्ये परदेशी वापर वेगळा चालू करावा लागतो आणि तो ठरावीक मुदतीपुरताच राहतो. शिवाय यूपीआय आपल्या भारतीय सिमला बांधलेले असते. ते काढून तेथील सिम घातले की ॲप थांबते आणि बँकेचे सांकेतिक क्रमांकही येत नाहीत. म्हणून भारतीय सिम फोनमध्येच ठेवून रोमिंग चालू करावे आणि इंटरनेटसाठी तेथील ई-सिम घ्यावे. यूपीआय मिळाले तर सोय समजावी, त्याच्या भरवशावर रोख कमी नेऊ नये.

नेपाळला जाताना शंभर आणि त्याखालच्या भारतीय नोटा नेणे सर्वांत निर्धोक. मोठ्या नोटांबाबत तेथे दीर्घकाळ निर्बंध राहिले आहेत. शंभर भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये हा दर १९९३ पासून स्थिर आहे, त्यामुळे घासाघीस करण्याचे कारण उरत नाही.

विभागणी

सर्वांना लागू पडेल असे प्रमाण नसते, तरी सुरुवातीला एक मांडणी देतो. युरोपच्या गट सहलीला जाणाऱ्या दांपत्याने वरखर्चाच्या अंदाजाचा पाचवा हिस्सा रोख युरोत घ्यावा, बाकीचा फॉरेक्स कार्डावर भरावा आणि अंदाजाबाहेरच्या खर्चासाठी एक क्रेडिट कार्ड ठेवावे. व्हिएतनाम किंवा जपानच्या गावाकडच्या भागात स्वतःच्या नियोजनाने फिरणाऱ्यांनी रोख निम्म्यापर्यंत न्यावी. मुलांकडे अमेरिकेत चार-सहा महिने राहायला जाणाऱ्या आईवडिलांना दैनंदिन खर्च फारसा नसतो, पण प्रत्येकाच्या नावाचे वेगळे कार्ड आणि दोनशे-तीनशे डॉलर सुट्ट्या नोटांत हवेतच, म्हणजे औषध घ्यायला किंवा टॅक्सीने घरी यायला कोणाची वाट पाहावी लागत नाही. अमेरिकेतील पेट्रोल पंपाचे यंत्र तेथील पाच अंकी पिनकोड मागते आणि आपले कार्ड नाकारते. अशा वेळी आत गल्ल्यावर जाऊन आधी पैसे भरावेत.

दोन कार्डे दोन बँकांची असावीत, आणि शक्य तर एक व्हिसाचे आणि दुसरे मास्टरकार्डचे. एकाच खात्याची दोन कार्डे म्हणजे दोन वाटा नव्हेत. बँकेने संशयावरून खाते गोठवले, तर दोन्ही एकदम बंद पडतात. नवराबायकोने एकेक कार्ड आणि अर्धी अर्धी रोख आपापल्या जवळ ठेवावी. दिवसाच्या खर्चापुरते पैसे वरच्या पाकिटात, बाकीचे कपड्यांच्या आतील चोरखिशात, आणि काही नोटा हॉटेलच्या तिजोरीत असाव्यात. विमानात सोपवायच्या सामानात पैसे किंवा कार्ड कधीही ठेवू नये.

कार्ड हरवले तर

पहिले काम ॲपमधून कार्ड बंद करणे, आणि दुसरे बँकेला फोन करणे. १८०० ने सुरू होणारे मोफत क्रमांक परदेशातून बहुधा लागत नाहीत. म्हणून +९१ ने सुरू होणारा क्रमांक कागदावर लिहून पाकिटापासून वेगळा ठेवावा. फोनच चोरीला गेला, तर तोच कागद उपयोगी पडतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ना आपली ना बँकेची, तर त्रयस्थाची असेल आणि अनधिकृत व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली, तर ग्राहकावर जबाबदारी येत नाही. उशीर झाला की ती वाढत जाते. तक्रारीचा क्रमांक आणि वेळ नोंदवून ठेवावी, आणि पोलिसांचा दाखला घ्यावा, कारण विमा कंपनी तो मागते.

फॉरेक्स कार्डात भारतातून पुन्हा पैसे भरता येतात, परंतु त्यासाठी घरातील कोणाला तरी आधीच लेखी अधिकार देऊन ठेवावा लागतो. काही बँका कार्डाच्या संचातच दुसरे राखीव कार्ड देतात. ते पहिल्याबरोबर एकाच पाकिटात ठेवले, तर त्याचा उपयोग राहत नाही.

परतल्यावर

येताना बरोबर ५,००० डॉलरपेक्षा अधिक किमतीच्या नोटा, किंवा एकूण १०,००० डॉलरपेक्षा अधिक परकीय चलन असेल, तर विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडे घोषणापत्र भरावे लागते. उरलेले चलन परतल्यापासून १८० दिवसांत बँकेला किंवा मनी चेंजरला परत विकावे. २,००० डॉलरपर्यंतची रक्कम पुढच्या प्रवासासाठी जवळ ठेवता येते. नाणी येथे कोणी विकत घेत नाही, म्हणून ती शेवटच्या दिवशी विमानतळावर चहापाण्यात खर्च करावीत. फॉरेक्स कार्डातील शिल्लक वर्षभर तशीच पडू दिली, तर काही बँका निष्क्रियतेचे शुल्क कापतात. लवकर जायचे नसेल, तर ती काढून घ्यावी.

कार्डांचा परदेशी वापर ॲपमधून पुन्हा बंद करावा, पण हॉटेलने अडवलेली अनामत मोकळी झाली का ते आधी पाहावे. मोटार भाड्याने घेतली असेल, तर पथकर आणि वाहतूक दंडाची रक्कम कित्येक आठवड्यांनी कार्डावर येते. तेव्हा पुढील दोन महिने कार्डाच्या विवरणपत्रातील प्रत्येक ओळ पावत्यांशी ताडून पाहावी, आणि तोवर पावत्या टाकू नयेत.